मासोळी उजवीकडे झुकते

ऑफिसात तिला सगळे मासोळी म्हणत. तोंडावर मासोळीताई, पाठीमागे नुसतंच मासोळी. आता ही बाई मासे खायची नाही आणि गुडघाभर पाण्यातही उतरायची नाही, तरी नाव पडलं ते पडलंच. ते पडलं एका चिन्हावरून. चिन्ह असं होतं: ><>. शेपटी डावीकडे, तोंड उजवीकडे. नोकरीला लागली त्या वर्षी, ऐन उमेदीत, तिने ते स्वतःच्या डोक्यातून काढलं आणि इतकी हरखली की दिवसभर ज्याला त्याला खुर्चीवरून उठवून आपल्या पडद्यापुढे आणत होती. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं, फक्त मागायला येतात उशिरा. तिच्याकडे मागायला आले तेव्हा तिचा मुलगा सहा वर्षांचा होता आणि घरातलं निम्मं सामान ट्रकमध्ये चढलं होतं.

पण आधी हे चिन्ह कशासाठी होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

कंपनी लहानशीच. गावाला पाणी पुरवणाऱ्या मोठमोठ्या टाक्यांना आतून एक थर देतात, पाणी झिरपू नये आणि भिंतीचं काही पाण्यात उतरू नये म्हणून. तो थर कालवणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम ही कंपनी लिहायची. थरात मुख्य वस्तू तीन: रेझिन, पावडर आणि थिनर. पावडर आधी थिनरमध्ये भिजवायची आणि मग ते मिश्रण रेझिनमध्ये सोडायचं. उलट केलं, रेझिनमध्ये कोरडी पावडर ओतली, तर गुठळ्या होतात. पिठाशी ज्याने एकदा तरी झटापट केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. गुठळ्यांचा थर वरून वाळलेला दिसतो, आतून ओला राहतो, आणि जे ओलं राहतं ते हळूहळू लोकांच्या पेल्यात येतं. म्हणून कोणती जोडी आधी लागायची यावर सगळं काम उभं होतं.

आता प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वस्तूला एक टाइप असतो. टाइप म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, आत काय आहे ते सांगणारी. मिश्रणालाही चिठ्ठी लागते. साधी माणसं ती कशी लिहितात? आधी ‘मिश्रण’ हा शब्द, मग कंस, कंसात दोन नावं. त्यातलं एक पुन्हा मिश्रण असलं तर कंसात कंस, आणि ओळीच्या शेवटी बंद कंसांची ही रांग. मासोळीला ते बघवत नसे. ती ज्या भाषेत काम करायची त्या भाषेत एक सोय होती. बेरजेचं चिन्ह जसं दोन आकड्यांच्या मध्ये बसतं, तसं दोन टाइपांच्या मध्ये बसणारं चिन्ह आपल्या मनाने ठरवता यायचं. तिने मासोळी ठरवली आणि लिहिलं: रेझिन ><> पावडर ><> थिनर. एक कंस नाही, एक जादा शब्द नाही. काय देखणी ओळ होती!

कंस गेले म्हणून प्रश्न जात नाही. आधी पहिल्या दोघांची जोडी की शेवटच्या दोघांची? ते दुसऱ्याच एका फायलीत, एका ओळीत तिने सांगून ठेवलं होतं: हे चिन्ह उजवीकडे झुकतं. म्हणजे उजवी जोडी आधी, पावडर आणि थिनर, आणि मग रेझिन. एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण पोरवय, त्यात कौतुक करणारे चार जण. मासोळीपाठोपाठ तिने काटा काढला, झोळी काढली, फाटक काढलं, अशी डझनभर चिन्हं झाली. काही डावीकडे झुकणारी, काही उजवीकडे. शिवाय प्रत्येकाचा जोर वेगळा. शाळेत गुणाकार आधी, बेरीज नंतर, हे घोकून घेतात ना, तसं झोळी आधी, काटा मग, फाटक सगळ्यात शेवटी. मोठ्या टाकीची चिठ्ठी अर्धं पान भरायची. तिला ती एका नजरेत वाचता यायची. बाकीच्यांना पानावर मुंग्या फिरल्यासारखं वाटायचं, आणि ते तसं म्हणत तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, आतून बरं वाटायचं.

पुढे पाणी खात्याने प्रोग्रॅम तपासून मंजुरी दिली आणि मंजुरीबरोबर अट घातली की आता यातलं काही बदलायचं नाही. नव्या टाकीसाठी नवी चिठ्ठी लिहा, पण चिन्हं तीच, त्यांचा झुकाव तोच. बदललं तर मंजुरी रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी ऑफिसात तोंडात पेढा धरून सगळ्यात जास्त टाळ्या कोणी वाजवल्या असतील तर मासोळीने.

मग नवऱ्याची बदली झाली, दूरच्या शहरात. तिथे त्याची बहीण राहत होती, शाळा जवळ होती, आणि मासोळीलाही तिथे एक नोकरी मिळत होती. फक्त आधीच्या कंपनीचं सोडल्याचं पत्र हवं होतं. ठरलं असं की नवरा आणि मुलगा पुढे जातील, ती राजीनाम्याची मुदत संपवून मागून येईल. ट्रक भरला. तिच्यासाठी मागे एक गादी, एक किटली, एक ताट, एक पेला आणि पडदे राहिले. महिन्याभराचा तर प्रश्न, असं ती म्हणाली होती.

साहेबांनी राजीनामा दोन्ही हातांनी घेतला. साहेब विक्रीतून वर आलेले, बोलणं साखरेत घोळलेलं. प्रोग्रॅममधलं अक्षर कळत नव्हतं, पण समोरच्या माणसाच्या कपाळावरची आठी त्यांना लांबून वाचता यायची.

“बाई, तुम्हाला अडवणारा मी कोण?” ते म्हणाले. “तुमच्या जागी वाचणारा एक माणूस तयार करून द्या. त्याच दिवशी पत्र. आपल्या करारातच आहे ना ते.”

होतंच ते करारात. जबाबदारीच्या माणसाने जाण्याआधी वाचू शकणारा दुसरा माणूस द्यायचा, तोवर पत्र नाही. मासोळीने त्यावर केव्हाच सही केली होती. जाण्याचा विचार स्वप्नातही नसताना माणूस कशावरही सही करतो.

पहिला आला. हुशार होता, पण वर्तमानपत्र वाचावं तसं सगळं डावीकडून उजवीकडे वाचायचा. दुसऱ्याने चिन्हं पाठ केली आणि जोर विसरला. तिसरा इतका धास्तावला की त्याने भीतीपोटी प्रत्येक नावाला स्वतंत्र कंस घातला. साहेबांनी परीक्षा सोपी ठेवली होती: एक चिठ्ठी कागदावर छापायची, आणि उमेदवाराने पेन्सिलने तीत कंस घालून दाखवायचे. तपासणारी मासोळीच, कारण दुसऱ्या कोणाला ते कळत नव्हतं. साहेब विचारत, “काय बाई, बरोबर?” आणि तिला तीनही वेळा म्हणावं लागलं, “चूक.” एकदा ‘बरोबर’ म्हटलं असतं तर सुटली असती. पण कुठल्याशा गावात कोणी तरी नळाखाली पेला धरील आणि त्या पेल्यात आपलं ‘बरोबर’ असेल, या विचाराने तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

शेवटी ती स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, सगळी चिन्हं काढून टाकते. त्या जागी शब्द लिहिते, साधे कंस घालते. मग कोणीही वाचेल.”

“आणि मंजुरी?”

“पुन्हा घ्यावी लागेल.”

“म्हणजे तोवर सगळी यंत्रं बंद! अहो, चालत्या गाडीला खीळ कशाला घालता? उत्तम चाललंय की.”

“चाललंय कारण मी आहे, साहेब.”

“तेच तर म्हणतोय मी,” साहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

ती चहा पिऊन बाहेर आली. चिन्हं काढायला परवानगी नाही, कारण काम चालू आहे. काम चालू आहे, कारण ती आहे. ती आहे, कारण चिन्हं आहेत. एवढं सगळं तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या हौसेने बांधलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? खुर्चीत बसताना तिला रडू आलं, पण आजूबाजूला सगळे होते म्हणून तिने ते शिंकेवर नेलं.

ऑफिसच्या खिडक्या उघडत नसत. काचा जाड, बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्या दिसायच्या, आवाज यायचा नाही. तिची जागा कोपऱ्यात, मागे भिंत, उजवीकडे छापायचं यंत्र. घरी जावं तर तिथे गादी आणि किटली. कपाटं गेलेल्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिले होते, आणि ती सवयीने त्यांना वळसा घालून चालायची. संध्याकाळी फोन. सुरुवातीला मुलगा पहिला प्रश्न विचारायचा, “आई, कधी येणार?” ती सांगायची, या महिन्यात. मग पुढच्या. मग त्याच्या बोलण्यात आत्या वाढत गेली. आत्या म्हणते, आत्याने दिलं, आत्याला येतं. नणंद भली बाई, तिच्याविषयी मनात आकस नव्हता. पण ‘आत्या’ हा शब्द ऐकला की मासोळी घाईने विषय बदलायची, आणि आपण एवढ्या हलक्या मनाच्या कधीपासून झालो म्हणून तिला स्वतःचाच राग यायचा.

अशात चौथी आली. तिचं नावच चौथी पडलं, कारण आधीच्या तिघांमुळे मोजायची सवय लागली होती. बारीक अंगाची, भरभर चालणारी, डबा खातानाही एक पाय हलवत बसणारी. पहिल्याच दिवशी तिने चिठ्ठी बघितली आणि विचारलं, “ताई, हे चिन्ह कुठे झुकतं?”

मासोळीने मान वर केली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. सगळे विचारायचे, याचा अर्थ काय.

“उजवीकडे.”

“आणि हा काटा?”

“डावीकडे. पण झोळीपुढे त्याचं काही चालत नाही.”

“म्हणजे झोळी सासू,” चौथी म्हणाली, आणि मासोळी किती तरी दिवसांनी मोठ्याने हसली.

दोघींची गट्टी जमली. चौथीला आकड्यांपेक्षा बोलण्यातून लवकर समजायचं. एकदा ती पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली, “ताई, आपण बोलतो त्यातही हे आहेच की. ‘जुन्या मित्राचं घर’ म्हटलं तर मित्र जुना. ‘जुनं मित्राचं घर’ म्हटलं तर घर जुनं. शब्द जरासा वाकवला की कोण कोणाला चिकटलंय ते कळतं. कंस लागतच नाहीत.”

“आणि ‘जुने डबे आणि बरण्या’?”

चौथीने विचार केला. “बरण्या जुन्या की नव्या? तिथे मात्र विचारावं लागेल.”

“तिथेच भांडणं होतात,” मासोळी म्हणाली. तिला फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं ती एकटीच ही लिपी वाचत होती, आणि आता शेजारी बसून दुसरं कोणी वाचत होतं, चुका काढत होतं, मध्येच ‘वा’ म्हणत होतं. आपली सुटका जवळ आली याचा आनंद तर होताच. पण निम्मा आनंद नुसता सोबतीचा होता, आणि तो ओळखायला तिला वेळ लागला. ऑफिसात कोणी तरी म्हणालं, कानामागून आली आणि तिखट झाली. मासोळी म्हणाली, होऊ दे तिखट, मला चालतं.

थोड्याच दिवसांत चौथी मोठ्या टाकीची चिठ्ठी न अडखळता वाचू लागली. साहेबांनी परीक्षेचा दिवस ठरवला.

आदल्या दिवशी दुपारी दोघी जिन्यात डबा खात होत्या. जिन्याची खिडकी तेवढी उघडायची, म्हणून मासोळीने ती जागा धरून ठेवली होती.

“ताई, एक विचारू?” चौथी म्हणाली. “एकदा मी पास झाले की मग मला केव्हाही जाता येईल ना?”

“कुठे जायचंय तुला?”

“आईकडे. तिला दिसेनासं होत चाललंय. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर. भाऊ आत्ता तिच्यापाशी आहे, पण त्याला पुढे परदेशी जायचंय. तो गेला की मी जाणार. मी तिला दिसतेय तोवर मला तिच्यासमोर असायचंय, बाकी काही नाही.”

मासोळीने घास खाली ठेवला. खरं सांगायलाच हवं असं नव्हतं. “येईल की” एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि ते धड खोटंही नव्हतं, येईल, केव्हा तरी येईल. पण ही मुलगी तिच्याशेजारी बसून ‘झोळी सासू’ म्हणाली होती.

“नाही जाता येणार,” ती म्हणाली. “तू आलीस त्या दिवशी सही केलीस ना, त्यात आहे ते. परीक्षेत पास झालीस की जबाबदारी तुझ्याकडे. मग तुझ्या जागी वाचणारा दुसरा माणूस मिळेपर्यंत पत्र नाही. मला किती दिवस झाले ते बघतेसच.”

चौथीचा हलणारा पाय थांबला.

“आणि नापास झाले तर?”

“तर महिन्याचा पगार आणि मोकळी. आधीचे तिघे गेलेच ना.”

“हे तुम्ही मला कशाला सांगितलंत? तुमचंच घोडं अडलं ना आता.”

“तू विचारलंस म्हणून.”

चौथीने डब्याचं झाकण लावलं. मग तिने मासोळीच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “मग ताई, मी उद्या नापास होते हं. माफ करा.” आणि त्या दोघी, का कोण जाणे, हसल्या.

घरी आल्यावर मासोळीला हसू आलं नाही. आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे तिला ठरवता येईना. किटलीत पाणी ठेवलं आणि फोन लावला. मुलाचं बोलणं जरा बोबडं लागत होतं.

“असं काय रे बोलतोस?”

“नवा दात येतोय ना, म्हणून.”

“म्हणजे पुढचा पडला? कधी?”

“तो कधीच पडला,” मुलगा म्हणाला, जरा कंटाळून. “आत्याने तो डबीत ठेवलाय. आई, मी ठेवू का फोन? खेळायचंय.”

तिने ठेव म्हटलं. नवऱ्याने फोन घेतला, म्हणाला, “अगं, सांगायचं राहूनच गेलं, गडबडीत.” त्याचा आवाजही दमलेला होता. “उद्या परीक्षा आहे ना त्या मुलीची? या वेळी होईल ना?” ती म्हणाली, बघू. फोन बंद झाल्यावर ती गादीवर बसून राहिली. पहिला दात. तो हलायला लागला तेव्हा, दुखला तेव्हा, रक्त बघून तो घाबरला असेल तेव्हा ती कुठे होती? मासोळी कुठे झुकते ते तीन जणांना समजावून सांगत होती. आपण काढलेल्या त्या देखण्या चिन्हाचा तिला त्या क्षणी इतका तिटकारा आला की हातात रबर असतं तर भिंत खोडून काढली असती.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये तिघं बसली. साहेबांनी कागद पुढे सरकवला. चिठ्ठी लांबलचक होती, तीन ओळींची, झोळ्या, काटे आणि फाटकांनी भरलेली, आणि शेवटी तेच जुनं: रेझिन ><> पावडर ><> थिनर. चौथीने कानामागची पेन्सिल काढली. मासोळी टेबलाच्या पलीकडून उलटं वाचत होती. पहिला कंस बरोबर. दुसरा बरोबर. झोळीचा अवघड कंस, जिथे दुसरा उमेदवार हमखास अडखळायचा, तोही बरोबर. ही करते काय आहे, असं मासोळीच्या मनात येतंय तोच पेन्सिल शेवटच्या तीन नावांवर आली, आणि चौथीने कंस रेझिन आणि पावडरभोवती घातला. डावी जोडी आधी. म्हणजे गुठळ्या, म्हणजे अख्खी टाकी वाया. चूकसुद्धा तिने कशी अचूक केली होती. पेन्सिल खाली ठेवून ती टेबलाकडे बघत बसली.

“झालं?” साहेबांनी कागद मासोळीकडे वळवला. “काय बाई, बरोबर?”

त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. उत्तर त्यांना पाठ होतं. एका हाताने त्यांनी चहाची घंटी चाचपायलाही सुरुवात केली होती.

मासोळीने कागद बघितला. कागदावर चूक होती. पण ती जिच्या हातची होती तिला सगळं येत होतं, मासोळीइतकंच येत होतं. कुठल्याही गावाच्या पेल्यात काही जाणार नव्हतं. आधीच्या तिघांच्या वेळी जीभ टाळ्याला चिकटवून ठेवणारी ती भीती आज नव्हतीच. आज होती फक्त ही मुलगी, जिने काल तिच्या हातावर हात ठेवला होता. आणि एक डबी होती, नणंदेच्या कपाटात.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

चौथीने झटकन मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी राग नव्हताच, नुसतं आश्चर्य होतं, ऐकण्यात आपली काही चूक झाली असावी असं.

“सगळं बरोबर?” साहेबांचाही घंटीवरचा हात थांबला.

“सगळं.”

“अहो ताई!” चौथी उभीच राहिली. “साहेब, हे चूक आहे. हा शेवटचा कंस चूक आहे. मासोळी उजवीकडे झुकते. पावडर आणि थिनरची जोडी आधी लागायला हवी, नाहीतर गुठळ्या होतील. इथे बघा, हा कंस इथून काढून…”

आणि ती थांबली. पेन्सिल तिने हातात घेतली होती. ती कागदावर टेकवायची की नाही हे तिला कळेना. गप्प बसली असती तर पास होती. बोलली, म्हणून पास झाली. या खोलीत चूक आहे असं म्हणू शकणारी माणसं दोनच, आणि चूक दाखवायची म्हणजे वाचता येतं हे कबूल करणं. मासोळीने हे आधी ओळखलं होतं का? ती पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगणार होती की नव्हतं ओळखलं. पण चिठ्ठी एका नजरेत वाचणाऱ्या बाईला हे दिसलं नसेल, यावर विश्वास कोणी ठेवावा?

साहेब एकीकडून दुसरीकडे बघत होते. चिन्हं त्यांना वाचता येत नव्हती, माणसं येत होती. ते हळूहळू हसायला लागले.

“बाई,” ते मासोळीला म्हणाले, “आत्ता या जे बोलल्या ते बरोबर की चूक?”

“बरोबर,” मासोळी म्हणाली. या वेळी ते अक्षरशः खरं होतं.

“मग झालं की! चूक करता येते, चूक पकडता येते, आणखी काय हवं? आपल्याला पहिल्यापासून असंच कोणी तरी हवं होतं.” त्यांनी खण उघडला. मासोळीचं पत्र त्यात तयारच होतं, नुसती सही राहिली होती. किती दिवसांपासून ते तिथे पडून होतं कोणास ठाऊक. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, आणि चौथीकडे हात पुढे केला. “अभिनंदन. आजपासून जबाबदारी तुमची.”

चौथीने हात मिळवला. न मिळवून काय करणार होती?

मासोळीचं आवरायला फारसं नव्हतंच. एक पेला, एक शाल, खणातली औषधाची पट्टी. जिवात जीव यायला हवा होता, आणि आलाही होता, ते कशाला नाकारा. उद्या संध्याकाळी ती मुलासमोर असेल, त्याला तोंड उघडायला लावून नवा दात बघेल. हातापायांना हलकं वाटत होतं. फक्त पत्र पिशवीत घालताना तिने मान वर केली नाही.

चौथी कोपऱ्यातल्या खुर्चीत येऊन बसली होती. मागे भिंत, उजवीकडे छापायचं यंत्र. पडद्यावर एका नव्या टाकीचं काम आलं होतं आणि ती ते वाचत होती, पाय न हलवता.

“मला शिव्या दे,” मासोळी म्हणाली. “पण असं गप्प बसू नकोस.”

“मुलगा केवढा आहे तुमचा?”

“सातवं लागलंय.”

“मग जा ना ताई. उभ्या कशाला राहिलात?”

मासोळी दारापर्यंत गेली. तिला वाटलं काही तरी बोलायला हवं, आईला इथे आणता येईल का, मी तिकडून फोनवर मदत करीन, असलं काही तरी. ती वळली. चौथीने पडद्यावरची नजर काढली नव्हती.

“एक मात्र शिकले मी तुमच्याकडून,” चौथी म्हणाली. “पाचवी आली ना, तर तिला मी काही सांगणार नाही.”